व्हॅक्यूम सीलर घेताना होणारी फसवणूक: स्पंज चपटा झाला म्हणून मशीन चांगलं ठरत नाही

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला, सुकट, कडधान्यं भरून ठेवायची घाई सुरू झाली की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या क्लब हाऊसमध्ये आणि भाड्याच्या हॉलमध्ये लागणाऱ्या प्रदर्शनांत घरगुती व्हॅक्यूम सीलरचा, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड चिकटवून बंद करणाऱ्या मशीनचा, एखादा तरी स्टॉल दिसतो. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत अशाच स्टॉलवरून आठ-दहा घरांनी एकाच मॉडेलची मशीनं घेतली. ३,४९९ रुपये, वर दोन रोल फुकट आणि दोन वर्षांची वॉरंटी. गणपती येईपर्यंत त्यांतली बरीचशी बंद पडली. जी चालू होती, त्यांवर सील केलेल्या पिशव्या दुसऱ्या दिवशी सैल पडत होत्या. वॉरंटी कार्डावर वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याचा पत्ता छापलेला होता. तिथे असं कुठलंही सर्व्हिस सेंटर नव्हतं. मोबाइल नंबर लागेना. मग त्यातली दोन बंद मशीनं उघडून पाहिली गेली. विकताना काय दाखवलं आणि आत काय निघालं, ते इथे सविस्तर देत आहोत. असे स्टॉल पुढच्या हंगामातही लागणारच आहेत.

सुरुवात डेमोपासून. विक्रेत्याने एक जाडजूड स्पंज पिशवीत घालून मशीन लावलं आणि बघता बघता स्पंज पापडाएवढा झाला. बघणाऱ्यांची खात्री पटली ती तिथे. पण हा डेमो कुठल्याही कमकुवत पंपावर असाच होतो. पिशवीतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त २० किलोपास्कलने (किलोपास्कल हे दाब मोजायचं एकक) कमी झाला, तरी दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे २०० ग्रॅम भार येतो. १० बाय १० सेंटीमीटरच्या स्पंजवर तो २० किलो होतो. स्पंज चपटा व्हायला तेवढा पुरे. म्हणजे स्पंज, कापूस, उशी असलं काही दाबून दाखवलं की पंपाच्या ताकदीबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. कस लागतो तो कडक आणि मध्ये फटी असलेल्या वस्तूवर: काबुली चणे, अक्रोड, अख्खी सुपारी. तिथे हवा खरंच ओढली गेली तर पिशवी प्रत्येक दाण्याभोवती आवळून बसते आणि पुडी विटेसारखी टणक लागते.

दुसरी फसवणूक खोक्यावरच छापलेली होती. ‘-११० किलोपास्कल’, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा ११० ने कमी. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१.३ किलोपास्कल असतो, आणि ठाणे-वाशी समुद्रसपाटीलाच आहेत. सगळीच्या सगळी हवा काढली तरी आकडा उणे १०१.३ च्या पलीकडे जाऊ शकत नाही. मग ११० आले कुठून? हा आकडा कोणी मोजलेला नाही, नुसता छापलेला आहे. घरगुती मशीनचा खरा आकडा साधारण उणे ६० ते उणे ८० च्या दरम्यान असतो. उणे ६० ला सुमारे ४० टक्के हवा मागे राहते, उणे ८० ला २० टक्क्यांच्या आसपास, म्हणून ‘९९.९ टक्के निर्वात’ हेही तितकंच खोटं. ज्या मशीनला डबे-बरण्यांसाठी नळी जोडायचं भोक असतं, त्यावर विक्रेत्याला डायलचा व्हॅक्यूम गेज लावून दाखवायला सांगा. गेज पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असेल तर ६०० म्हणजे ८० किलोपास्कल आणि ४५० म्हणजे ६०. खरा धंदा करणारा गेज लावायला कुरकुर करत नाही.

आता आतलं. खोक्यावर ‘दोन पंप’ लिहिलेलं होतं. बॉडीत दोन पंपांच्या खाचा होत्या, पण पंप एकच. दुसऱ्या नळीच्या तोंडात रबराचं बूच कोंबलेलं. ‘दुहेरी सील’ असं बटण होतं, पण तापणारी नायक्रोमची पट्टी एकच, जेमतेम २ मिलिमीटर रुंद. बटण दाबलं की तीच पट्टी थोडा जास्त वेळ तापायची, एवढाच काय तो फरक. जास्त तापल्याने तिच्यावरची टेफ्लॉनची पट्टी तपकिरी पडून फुगली होती. अशा पट्टीवर सील सलग बसत नाही. प्लॅस्टिक काही ठिकाणी जळून कडक होतं, काही ठिकाणी अर्धवट चिकटतं. चांगलं सील काचेसारखं पारदर्शक आणि एकसारखं दिसतं. त्यात दुधी ठिपके किंवा बुडबुडे दिसले की ती पिशवी टिकणार नाही असं समजा.

मशीन मेलं कशामुळे, ते मात्र पंपात दिसलं. पंपाच्या तोंडाशी रबराची नखाएवढी झडप असते. तिच्यापुढे गाळणी हवी, नाहीतर निदान पाणी आणि पूड अडवणारी काढता-धुता येणारी ट्रे हवी. या मशीनमध्ये दोन्ही नव्हतं. मसाला भरताना पूड ओढली गेली आणि तिखटाचा बारीक कण झडपेखाली अडकला. झडप मिटेना. पंप घरघर चालतोय, पण ओढत काहीच नाही. अशा मशीनमध्ये ठरावीक दाब गाठला की पंप थांबवून सील सुरू करणारा प्रेशर स्विच असतो. दाबच गाठला जात नाही, म्हणून स्विच पडत नाही आणि मोटर चालतच राहते. तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कटऑफही बसवलेला नव्हता. वेटोळं जळालं, खेळ संपला. दुसऱ्या मशीनचं कारण याहून साधं: झाकणाभोवतीचं गॅस्केट (हवा अडवणारी मऊ कड) स्वस्त फोमचं होतं, आणि मशीन झाकण लॉक करूनच कपाटात ठेवलं जायचं. फोम दबून कायमचा चपटा झाला आणि हवा कडेने शिरू लागली. सिलिकॉनचं गॅस्केट यापेक्षा पुष्कळ टिकतं. गॅस्केट कसलंही असलं तरी ठेवताना झाकण सैल सोडायचं, हे विक्रेत्याने सांगायला हवं होतं.

म्हणून मशीन बघताना टचस्क्रीन आणि ‘सहा मोड’ बाजूला ठेवा. पट्टी किती रुंद आहे ते बघा. ३ ते ५ मिलिमीटर असलेली बरी. ट्रे निघते का, गॅस्केट हाताने काढून धुता येतं का? गॅस्केट, टेफ्लॉन पट्टी आणि तापणारी पट्टी हे तीन सुटे भाग वेगळे मिळतात का, किती रुपयांना, आणि आत्ता स्टॉलवर आहेत का? हे भाग झिजणारच, चांगल्यातल्या चांगल्या मशीनचेसुद्धा. ते मिळत नसतील तर वॉरंटी दोन वर्षांची असो की दहा, गॅस्केट गेलं की मशीन गेलं. लॉकचे खटके प्लॅस्टिकचे पातळ असतील तर तेही लवकर मोडतात.

सलग किती पिशव्या चालतील हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा. वर्षाचा मसाला अर्ध्या-अर्ध्या किलोने भरायला बसलं की एका बैठकीत वीस-तीस पिशव्या सहज होतात. बहुतेक घरगुती मशीनला दोन सीलमध्ये २० ते ४० सेकंद थांबा लागतो, तसं माहितीपत्रकात लिहिलेलंही असतं. ‘कितीही चालवा, काही होत नाही’ म्हणणाऱ्यासमोर सहा-सात पिशव्या लागोपाठ करून घ्या आणि शेवटचं सील पहिल्याशी ताडून बघा.

फुकट रोलमध्येही गफलत होती. झाकणात पिशवीचं तोंड धरून हवा ओढणाऱ्या मशीनला नक्षीदार, खडबडीत पिशवीच लागते. गुळगुळीत पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि हवेची वाटच बंद होते. रोल नक्षीदार होता, पण साध्या पॉलिथिनचा. कामाची पिशवी नायलॉन आणि पॉलिथिनचे थर एकत्र करून बनवलेली असते. त्यातला नायलॉनचा थर हवा आणि वास अडवतो. घरच्या घरी ओळखायचं असेल तर मूठभर सुका जवळा पिशवीत सील करा आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवून द्या. दोन दिवसांनी डबा उघडल्यावर वास आला, तर एक तर सील गळतंय किंवा पिशवी साधी आहे.

जाडी तपासायला वजनकाटा पुरतो. २८ सेंटीमीटर रुंद, ५ मीटर लांब आणि दोन्ही बाजूंनी ९० मायक्रॉन जाडीचा रोल, आतली पुठ्ठ्याची नळी वगळून, साधारण २४० ग्रॅम भरला पाहिजे. ७० मायक्रॉनचा असेल तर १९० च्या आसपास. त्या ‘९० मायक्रॉन, ५ मीटर’ रोलचं वजन भरलं १२० ग्रॅम. उलगडून मोजला तर लांबी साडेतीन मीटर. म्हणजे लांबीही कमी आणि जाडीही.

या सगळ्यात पैसे गेले, ते एकवेळ सोसता येतात. पण स्टॉलवर आणखी एक वाक्य सांगितलं गेलं होतं: ‘एकदा व्हॅक्यूम केलं की फ्रीजची गरज नाही, मासे-मटण, शिजवलेली भाजी, काहीही बाहेर ठेवा.’ हे वाक्य जिवावर बेतू शकतं. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू हवा नसलेल्या जागीच वाढतो. ओलसर, आंबटपणा कमी असलेलं अन्न हवाबंद करून बाहेर ठेवलं की त्याला हवी तशी जागा तयार होते. त्याच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. ताजे मासे, मटण, शिजवलेलं अन्न, खवलेला नारळ, सोललेला लसूण, मशरूम हे सील केलं तरी फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्येच ठेवायचं. फ्रीजर उणे १८ अंशांचा हवा. आणि गोठवलेली सुरमई फ्रीजमध्ये वितळवायला ठेवताना आधी पिशवी कापा, कारण या जिवाणूचे काही प्रकार ३-४ अंशांनाही वाढतात.

बाहेर ठेवण्याजोगं ते फक्त खरोखर कोरडं: तांदूळ, डाळी, रवा, पोहे, उन्हात कडक वाळलेला मसाला. रव्यात किड्यांची अंडी असतील तर हवा काढल्याने ती मरतील याचा भरवसा नाही. रवा आधी सील करून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा आणि मग बाहेर काढावा. सील आधी केल्याने दमट हवेतलं पाणी रव्यावर धरत नाही.

ज्यांनी बरं मशीन घेतलंय त्यांचीही तीन ठिकाणी चूक होते. पूड भरताना पिशवीचं तोंड पाच-सहा सेंटीमीटर बाहेर दुमडून भरा, म्हणजे सीलच्या जागी तेलकट मसाला लागत नाही; पिशवीत मसाल्याच्या वर कागदी नॅपकिनची घडी ठेवा, ती पंपाकडे जाणारी पूड अडवते. ओले मासे ताटात तास-दोन तास गोठवून मग सील करा. सुक्या बोंबलाचे काटे पिशवीला टोचतात, म्हणून आधी बटर पेपरमध्ये गुंडाळा. एवढं करूनही पिशवी सैल पडली, तर ती पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडे सीलच्या रेषेतून आले तर दोष मशीनचा किंवा सुरकुतीचा. मधूनच आले तर पिशवीला भोक आहे.

खरेदीच्या कागदांकडे वळू. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं २०११ च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. त्या खोक्यावर आयातदार नव्हताच. आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबतचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. मागच्या प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं हवं. ११० व्होल्टवर स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर मशीन तिथेच ठेवा. बिल पक्कं घ्या. जीएसटी क्रमांक अक्षरं-आकडे मिळून १५ चा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटी पोर्टलवर तिथल्या तिथे तपासता येतो. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी कुणाचं वैयक्तिक नाव आलं तर पैसे पाठवण्याआधी विचारा.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी मशीन फेकू नये आणि उघडूही नये. खोकं, वॉरंटी कार्ड, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, स्टॉलचा फोटो, सोसायटीने जागा भाड्याने दिल्याची पावती, सैल पडलेल्या पिशव्यांचे तारखेसह फोटो असं सगळं जपून ठेवा. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद खरेदीचा पुरावा म्हणून दाखवता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे निकाल लागला नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, विक्रेता कुठल्या का राज्यातला असेना. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. एकाच मॉडेलने फसलेल्या घरांनी मिळून तक्रार करायची असेल तर आयोगाची परवानगी घेऊन तसंही करता येतं. सोसायटीच्या कमिटीकडून स्टॉलवाल्याचं ओळखपत्र आणि करारपत्राची प्रत मात्र लगेच मागून घ्या, कारण विरुद्ध पक्षाचा खरा पत्ता मिळायची तीच एक जागा आहे.