आठ महिने, एकच आयकॉन कंपोनंट

हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सचा हिशोब ठेवणाऱ्या आमच्या रिअ‍ॅक्ट अ‍ॅपमध्ये आधी आयकॉनची नुसती खिचडी होती. काही फॉन्टमधले, काही पीएनजी, काही कुणीतरी घाईत चिकटवलेले एसव्हीजी. डिलीटची कचरापेटीच चार तऱ्हांची. आठ महिन्यांपूर्वी ल्युसिड हा तयार आयकॉनचा संच घेतला, त्यावर आमचा छोटासा कंपोनंट (पुन्हापुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) चढवला, आणि आता प्रत्येक आयकॉन तिथूनच येतो.

ल्युसिड म्हणजे फेदर या आधीच्या आयकॉनसंचातून फुटलेली फांदी. २४ बाय २४ ची चौकट, २ पिक्सेलची रेघ, रंग करंटकलर (आजूबाजूच्या अक्षरांचाच रंग), म्हणजे बटणावरची अक्षरं लाल झाली की आयकॉनही लाल.

पहिली चूक आमचीच. नाव स्ट्रिंगने देता यावं म्हणून सगळे आयकॉन एकदम इम्पोर्ट केले. ट्री-शेकिंग (न वापरलेला कोड गाळणं) गेलं उडत, बंडल, म्हणजे ब्राउझरकडे जाणारा कोडचा गठ्ठा, फुगलं. मग लागतात तेवढ्याच आयकॉनची यादी हाताने लिहून काढली. कंटाळवाणं काम, पण त्या यादीमुळे 'बदला' (एडिट) बटणासाठी पेन्सिल की पेन हा वाद कायमचा मिटला.

डोकं खाल्लं ते देवनागरीने. 'थकबाकी' या शब्दाशेजारी आयकॉनची खूण कायम घसरल्यासारखी दिसायची. सीएसएसच्या फ्लेक्स मांडणीने मध्यात आणली तरी तो मध्य ओळीच्या चौकटीचा. आपले फॉन्ट वर वेलांटी-रफारासाठी, खाली उकारासाठी जागा राखून बसतात, त्यामुळे डोळ्याला दिसणारा मध्य वेगळाच. शेवटी कंपोनंटमध्येच एक पिक्सेल सरकवला. नाव लांब असलं की आयकॉन चेपायचा, म्हणून तिथेच फ्लेक्स-श्रिंक (जागा कमी पडली की आकसणं) शून्य केलं.

स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं तेव्हा लाजच वाटली. टूलबारवर नुसतं "बटण, बटण, बटण". आता नुसत्या आयकॉनच्या बटणाला लेबल नसेल तर कोडमधल्या चुका पकडणारं टाइपस्क्रिप्ट पुढे जाऊच देत नाही.

आणि खरा कस लागला तो एका खजिनदार काकांच्या फोनमुळे. "अहो, आमची सोसायटी अमेरिकेत आहे का? पावतीवर डॉलर कसा?" बघितलं तर खरंच, 'रिसीट' आयकॉनच्या पोटात डॉलरची खूण! तीन महिने आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती. रुपयावाली पावती ल्युसिडमध्ये आहेच. यादीतली एक ओळ बदलली आणि सगळ्या स्क्रीनवर रुपया आला. काका फोनवरच होते, त्यांना म्हटलं, "आता रिफ्रेश करा."

व्हॉट्सअ‍ॅपचा लोगो मात्र अजून वेगळ्या फाइलमध्येच आहे. ल्युसिड ब्रँडच्या खुणा घेत नाही, आणि त्या भरीव लोगोला आमची रेघ काही शोभत नाही.