५४ ॲक्शन घेतली, पण खरा खेळ लॉटचा: .२२ रायफलचा वर्षभराचा अनुभव

२०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमधून ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमच्या सांगलीतही 'कुठली रायफल घेऊ?' हा प्रश्न वारंवार कानावर येतो. विचारणाऱ्याचं अर्धं लक्ष ॲक्शनवर, म्हणजे गोळी आत सारून झाडणाऱ्या यंत्रणेवर असतं. मीही अन्शुट्झ कंपनीची १९०७ घेतली ती तिच्या ५४ नावाच्या ॲक्शनसाठीच.

ॲक्शनबद्दल तक्रार नाही. रिसीव्हर जाड, बोल्ट लोण्यासारखा फिरतो, ट्रिगर दाबल्यापासून पिन आदळेपर्यंतचा वेळ अगदी कमी. दोन टप्प्यांचा ट्रिगर एकदा लावून घेतला की पुन्हा हात लावावा लागत नाही. स्टॉकचे स्क्रू मात्र अंदाजानं आवळू नका, टॉर्क रेंच घ्या. मी ५ न्यूटन-मीटरवर ठेवतो. पण अन्शुट्झच्याच ६४ ॲक्शनच्या स्वस्त रायफलवर पोरांनी माझ्यापेक्षा सरस गट (जवळजवळ पडलेल्या छिद्रांचे पुंजके) मारलेलेही पाहिलेत.

फरक पडतो तो चेंबरपासून, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागेपासून पुढं. मॅच चेंबर घट्ट असतं. बोल्ट बंद करताना शेवटी अंगठ्याला किंचित विरोध जाणवतो. तीच गोळी न झाडता बाहेर काढली, तर शिशावर नळीतल्या आट्यांचे बारीक ओरखडे उमटलेले दिसतात. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच नळीत सरळ बसलेली असते.

नेटवर ६ एमएम बीआर, ६.५ क्रीडमूर अशा मोठ्या काडतुसांच्या चर्चा रंगतात. तिथं पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) पुन्हा भरता येते, दारू कमी-जास्त करून नळीला रुचेल ते जमवता येतं. आपल्या .२२ मध्ये ती सोय नाही. पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, पिननं कड चेपली की पुंगळी बाद. त्यामुळं कारखान्यातून येईल ते निवडून घेणं एवढंच हातात उरतं. आणि एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्येही, म्हणजे एकत्र बनलेल्या गोळ्यांच्या दोन खेपांमध्येही फरक असतो. आमच्याकडं हळदीच्या सौद्यात पोत्यात हात घातल्याशिवाय बोली लावत नाहीत, तेच इथं.

हिशोब सांगतो. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) मॅच गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरनं सुटते, मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर ७-८ मिमी वर-खाली होतं. दहाचं रिंगण १०.४ मिमीचं! रायफल कितीही स्थिर धरली तरी तो दहा हातचा जाऊ शकतो.

मी एली टेनेक्स आणि लापुआ सेंटर-एक्स या दोन्ही ब्रँडच्या मॅच गोळ्या वापरल्या. माझ्या नळीला सेंटर-एक्सचा एक लॉट मानवला, तुमच्या नळीला उलटंही होईल. ब्रँड बदलल्यावर पहिल्या वीसेक गोळ्यांचे गट धरू नका, नळीत नव्या गोळ्यांवरच्या मेणाचा थर बसायला तेवढा वेळ लागतो. एप्रिलच्या उन्हात गोळ्या डिकीत ठेवून बालेवाडी गाठू नका, मेण मऊ पडतं.

वैताग एकच, पुरवठ्याचा. चाचणीत आवडलेला लॉट सांगून मागवला, तर खोक्यात दोन वेगळे लॉट निघाले. विक्रेत्याचं उत्तर, 'सगळं एकच असतंय हो.' आता पैसे द्यायच्या आधी डबीवरच्या लॉट नंबरचा फोटो मागतो.

बजेट तंग असेल तर ६४ ॲक्शनची चांगल्या नळीची जुनी रायफल बघा आणि उरलेले पैसे तीन-चार लॉट तपासण्यात घाला. लायसन्सची फाइल मात्र आधीच टाकून ठेवा. स्पर्धेच्या एअर रायफलसारखी ही .२२ विनापरवाना मिळत नाही.