कीपासएक्ससी: आठ महिने, एक पावसाळा आणि माटोळीचा फोटो

गोव्यात पेडण्याला आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. बुकिंगच्या साइट, बँक, जीएसटी, विजेचं बिल, सगळ्यांचे पासवर्ड एका डायरीत होते. जूनमध्ये ओलीने तिची पानं चिकटली आणि मी कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम घेतला. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि पासवर्डांची कुलूपबंद फाइल (डेटाबेस) आपल्याच हातात राहते.

ती फाइल उघडायचा मास्टर पासवर्ड म्हणून आधी आरतीची एक ओळ ठेवली होती. भाचा म्हणाला, "मामा, ती तर अख्ख्या वाड्याला पाठ आहे." मग प्रोग्रामलाच शब्द काढायला लावले. त्याच्या यादीत ७,७७६ इंग्रजी शब्द आहेत. त्यातले कुठलेही सहा. आठवडाभर चुकत होतो, आता बोटांना पाठ झाले.

खरा घोळ की-फाइलचा. पासवर्डाबरोबर एक फाइलही दाखवली तरच डेटाबेस उघडेल, अशी सोय आहे. मी हौसेने गेल्या चवथीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या सजावटीचा, फोटो दिला आणि तोच मेसेजिंग ॲपवरून फोनवर पाठवला. फोनवर काही केल्या उघडेना! पासवर्ड पंधरा वेळा टाकला. ॲपने पाठवताना फोटो लहान केला होता; डोळ्यांना तोच, पण की-फाइलमधला एक बाइट बदलला तरी किल्ली बदलते. लॅपटॉपवर मूळ फोटो होता म्हणून वाचलो, कारण "पासवर्ड विसरलात?" असं बटण इथे नाही. आता प्रोग्रामनेच बनवलेली की-फाइल आहे: एक प्रत घरी, एक साखळी गावी बहिणीकडे, सिलिका जेलच्या पुडीसकट स्टीलच्या डबीत. डेटाबेस क्लाउडवर असतो, की-फाइल तिथे कधीच ठेवत नाही.

आर्गॉन२ ह्या सेटिंगचंही सांगतो. त्यामुळे चोराला पासवर्डाच्या दर अंदाजामागे वेळ आणि मेमरी खर्चावी लागते, ती किती हे आपण ठरवायचं; उघडताना तेवढीच आपल्यालाही लागते. मी उत्साहाने मेमरी खूप वाढवली, तर जुना फोन उघडायलाच रडू लागला. ६४ एमबीवर परत आलो. सहा शब्द असताना तेवढं पुरतं.

पण आमच्याकडे धोका हॅकरचा कमी, पाहुण्यांचा जास्त. बोर्डिंग पास छापायला रोज कोणीतरी लॅपटॉप मागतो, आणि त्यात डेटाबेस उघडाच असला तर कसलं आर्गॉन२? स्क्रीन लॉक झाली की तोही बंद व्हावा, हे सेटिंग पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मी ते गणपती झाल्यावर केलं. पाहुण्यांसाठी वेगळं खातंही उघडलं.

पासवर्डानंतर लागणारे, एसएमएसने न येता ॲपमध्ये बनणारे ओटीपीचे कोडही ह्यातच ठेवता येतात. मी ठेवत नाही. दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला कशाला?

तक्रार एकच. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकाच वेळी काही बदललं की क्लाउडवर दोन प्रती होतात. लॅपटॉपवर त्या एकत्र करायचा पर्याय आहे, पण ते लक्षात ठेवून करावं लागतं. ऑगस्टात वीज गेलेली असताना मी नुसतीच जुनी प्रत उघडून बसलो, आणि बुकिंगच्या साइटने चुकीच्या पासवर्डासाठी दिवसभर बाहेर ठेवलं.