दोनदाच जेवावं की थोडं थोडं खावं? नव्याने मधुमेह निघालेल्यांसाठी

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 6.5 च्या वर निघाला की त्याच संध्याकाळपासून सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो, दोनदाच जेवा, मध्ये काही खाऊ नका. दुसरा सांगतो, पोट रिकामं ठेवू नका, दर दोन-तीन तासांनी काहीतरी खा. यांचा आकडा 8.4 आला तेव्हा आम्ही दोन्ही ऐकलं आणि वर्षभरात दोन्ही करूनही पाहिलं. ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर जेवण लांबलं तरी साखर धोक्याइतकी उतरण्याची शक्यता फार कमी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर गोष्ट वेगळी. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड बऱ्याचदा एकाच गोळीत असतात. "मला एकच गोळी आहे" म्हणणाऱ्याच्या पोटात दोन औषधं जात असतात, आणि त्याला ते ठाऊक नसतं.

आमचं तेच झालं. दोन जेवणं सुरू केली, नाश्ता बंद केला, गोळी मात्र सवयीने सकाळीच घेतली. साडेअकराला हे घामाने निथळले, हात थरथरायला लागले, विचारलेल्याला धड उत्तर देईनात. मीटरवर 58. साखर 70 च्या खाली उतरली की त्याला हायपो म्हणतात. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं, तेव्हा 84. ती पंधरा मिनिटं सरता सरत नव्हती. चूक पद्धतीची नव्हती. डॉक्टरांना न विचारता जेवणाची वेळ बदलली, ही चूक होती.

आता दोन जेवणांबद्दल. महाराष्ट्रात ही पद्धत घरोघरी पोचवली डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी, मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपायचं. प्रत्येक खाण्यामागे इन्सुलिन सुटतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करायच्या, असा त्यामागचा विचार. प्रागमधल्या संशोधकांनी 2014 साली नेमकी ही तुलना प्रसिद्ध केली: टाइप टूचे 54 रुग्ण, उष्मांक सारखेच, 12 आठवडे दोन मोठी जेवणं आणि 12 आठवडे सहा लहान. दोन जेवणांत वजन सरासरी 3.7 किलो उतरलं, सहांत 2.3. एचबीएवनसी मात्र दोन्हींत जवळपास सारखाच सुधारला. आणि त्यांची दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. आपल्याकडे लोक नाश्ता सोडतात आणि रात्री नऊला भरल्या ताटावर बसतात. त्याला या अभ्यासाचा आधार देता येणार नाही.

थोडं थोडं खाण्याचा फायदा ज्यांना हायपोची भीती आहे त्यांना: इन्सुलिन घेणारे, ग्लिमेपिराइडवरचे, एकटे राहणारे वयस्कर. पण आपल्या घरांत "थोडं थोडं" म्हणजे काय होतं? अकराचा चहा, चार मारी बिस्किटं, चारला चिवडा, परत चहा. चहातली चमचाभर साखर आणि चार बिस्किटं धरली तर एका पोळीपेक्षा जास्त कर्बोदकं झाली, आणि त्याला कुणी खाणं म्हणत नाही. मधलं खाणं ठेवायचंच असेल तर मूठभर फुटाणे, वाटीभर मोड आलेली मटकी किंवा दही ठेवा. यांनी सहा वेळा खाण्याचा महिना काढला, त्यात वजन वाढलं.

माझ्या मते वेळापत्रकाइतकाच घोळ भाकरीचा असतो. "ज्वारीची आहे, कितीही खा," हे मीही म्हणायचे. शेवटी वजनकाटा ओट्यावर ठेवला. माझी एक भाकरी 60 ग्रॅम पिठाची निघाली, फुलका 25 ग्रॅमचा. कर्बोदकं दोन्ही पिठांत शंभर ग्रॅमला सत्तरच्या आसपास. म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांना भारी. भाकरी सोडली नाही, अर्धी केली. उरलेली जागा पालेभाजी, उसळ आणि काकडीच्या कोशिंबिरीने भरली, आणि कोशिंबीर आधी संपवायची असं ठरवलं. दोन तासांनंतरची साखर 210 वरून 160 वर आली.

तिसरा रस्ता कडक आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात दिवसाला साधारण 850 उष्मांकांच्या पेयांवर काही महिने काढलेल्यांपैकी 46 टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षाअखेर औषधांशिवाय काबूत होता. पण ते निदानाला सहा वर्षं न झालेले, इन्सुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले लोक होते, आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी एकट्याने करू नये.

मग निवडायचं काय? नुसतं मेटफॉर्मिन आणि कमरेचा घेर वाढलेला असेल तर मी दोन जेवणंच सुचवेन, दुसरं जेवण शक्यतो सातच्या आत. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर मोजून तीन जेवणं. वेळ बदलण्याआधी डोस बदलून घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी असेल तरी लंघन आणि पाणी तोडणं टाळा. मग आठवडाभर ग्लुकोमीटरला विचारा: उपाशीपोटी 80 ते 130, पहिल्या घासापासून दोन तासांनी 180 च्या आत. हे आकडे वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या. यांचं वजन सहा किलोंनी उतरल्यावर ग्लिमेपिराइड बंद झालं, आता साडेदहा आणि साडेसहा अशी दोन जेवणं आहेत. खिशातली साखरेची पुडी अजून तशीच ठेवलीय.