मात शोधणारे दोन प्रोग्राम: स्टॉकफिश आणि पोपाय
स्टॉकफिश हे मोफत बुद्धिबळ इंजिन डाव जिंकण्यासाठी घडवलेले आहे, कोडी सोडवण्यासाठी नव्हे. त्यामुळे सलग शह देत होणारी मात ते क्षणात दाखवत असले, तरी पहिलीच चाल शह न देणारी, शांत असेल, तर निरुपयोगी वाटणाऱ्या चालींच्या फांद्या न तपासताच छाटण्याची त्याची सवय आड येऊ शकते. प्रतिस्पर्ध्याला एक चाल फुकट देऊन पाहण्याची त्याची युक्ती, चाल करावी लागणे हीच जिथे अडचण असते, तिथे फसवी ठरू शकते. खास कोड्यांसाठीचा, तितकाच मोफत पोपाय मात्र ठरलेल्या चालींतील शक्यता कसून तपासतो आणि दुसरी किल्लीचाल (कोडे सोडवणारी पहिली चाल) निघाल्यास तीही दाखवतो; कोडी रचणाऱ्याला नेमके हेच हवे असते. त्याची मजकुरी आज्ञांची मांडणी रुक्ष आहे खरी, आणि चाली वाढल्या की ताटकळावेही लागते. तरीही ३ चालींत मात असलेल्या कोड्यांसाठी माझी पसंती पोपायलाच आहे.