प्रवाळखडकावरचे इवले मासे मोजायचे: पाटी, भूल की बाटलीभर पाणी?

प्रबंधासाठी गोबी, ब्लेनी, ट्रिपलफिन असे पाच सेंटिमीटरच्या आतले, खडकाच्या रंगात विरघळून बसणारे मासे निवडलेत, तर आधी पद्धत ठरवा. ती चुकली की मासे तक्त्यात येतच नाहीत, आणि जे आले नाहीत ते तिथे नव्हतेच असे धरले जाते. हे नुकसान मोठे आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की प्रवाळखडकावर जेवढे मासे इतर प्राण्यांच्या पोटात जातात त्यांच्या वजनात या इवल्यांचा वाटा जवळपास 60 टक्के असतो.

सगळ्यात सोपी पद्धत पाटीची. खडकावर मोजपट्टी अंथरायची, तिच्या कडेने सावकाश पोहायचे आणि दिसेल ते प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलने टिपायचे. खर्च बेताचा, कुणाला इजा नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच जागी जाता येते. वागणूक पाहायची तर हीच पद्धत. काही गोबी एका कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबीची नजर अधू, ती बीळ उकरते. गोबी दाराशी पहारा देतो. तिची मिशी त्याच्या अंगाला टेकलेली असते. त्याने शेपूट थरथरवले की दोघेही आत! हे कुठल्याही जाळीत सापडणार नाही.

पण मोजायला बसलात की डोळे दगा देतात. ग्रेट बॅरियर रीफवर जाळीने बंद केलेल्या जागेतले मासे विष वापरून गोळा केले, तेव्हा पोहत केलेल्या मोजणीतून लहान माशांचा फार मोठा भाग निसटतो हे दिसून आले.

म्हणून दुसरी पद्धत, भुलीची. खडकाच्या लहानशा तुकड्यावर बारीक जाळी टाकून कडा वजनाने दाबायच्या. लवंगतेल पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून ते अल्कोहोलमध्ये विरघळवून फटीफटीत सोडायचे आणि गुंगलेले मासे चिमट्याने वेचायचे. रोटेनोन नावाच्या वनस्पतिजन्य विषाने जास्त मासे हाती येतात, पण ते श्वसनच बंद पाडते. विद्यार्थ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मासा हाती आला की त्याच्या कानातल्या खड्यावरची रोजची वलये मोजता येतात. अशाच वलयांवरून एव्हिओटा सिगिलाटा या गोबीचे आयुष्य जास्तीत जास्त 59 दिवसांचे असल्याचे कळले. पाटीवर पेन्सिल चालवून हे कधीच कळले नसते.

भारतात मात्र इथे एक अडचण आहे, आणि ती गंभीर आहे. भूल निवड करत नाही. जाळीखाली समुद्रघोडा किंवा त्याच्या कुळातला नळीसारखा मासा सापडू शकतो, आणि त्या सगळ्या कुळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळालाही आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासूनचे, क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटर. तिथे किंवा लक्षद्वीपला परवानगीशिवाय जाळी पाण्यात टाकायची नाही, आणि ती परवानगी मिळेल असे धरून वेळापत्रक आखू नका.

तिसरी वाट पाण्याची. एक-दोन लिटर पाणी गाळायचे आणि गाळणीवर अडकलेल्या डीएनएवरून कोण कोण आहे ते ओळखायचे. मासा दिसलाही नाही तरी चालते. पण किती मासे, केवढे, काय वयाचे हे त्यातून कळत नाही, आणि अनेक गोबींचा डीएनए संदर्भसंग्रहात नसल्याने नाव 'गोबी कुळातला कोणी' एवढ्यावर थांबते.

प्रश्न वागणुकीचा किंवा एकाच जागेतल्या ऋतूंमधल्या फरकाचा असेल तर पाटी घ्या, आणि शंभर मीटर भरभर पोहण्याऐवजी एक चौरस मीटर जागा अर्धा तास न्याहाळा. वय, वाढ, खाणे यांचा असेल तर भुलीला पर्याय नाही. मग परवानगीचा अर्ज विषयाच्या मंजुरीआधीच करा. नुसती यादी हवी असेल तर पाणी गाळा, पण सोबत पाटीचे दोन डायव्ह ठेवाच.