एचिंग आणि जिक्ले, दोन्ही लिमिटेड एडिशन: एक उन्हाळा आणि एक पावसाळा भिंतीवर गेल्यानंतर

आधी निकाल सांगते. दोन्ही प्रिंट चांगल्या आहेत, फ्रेमिंग वाईट निघालं, आणि त्या फ्रेमिंगने माझ्या महागातल्या प्रिंटचा कागद डागाळला. कागदावरचं काहीही काचेत बसवलेलं असेल तर हे वाचून झाल्यावर एकदा फ्रेम उलटी करून बघाच.

जालन्यातल्या आमच्या घरी हॉलमध्ये दोन प्रिंट आहेत. एक एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने चित्र कोरून त्यावरून काढलेली प्रत. ॲक्वाटिंटचं, म्हणजे राळेच्या भुकटीने राखाडी छटा आणायचं काम असलेलं, १४/२५, म्हणजे २५ प्रतींतली १४ नंबरची, थेट चित्रकार ताईंकडून घेतलेलं. दुसरी ऑनलाइन मागवलेली जिक्ले, म्हणजे चांगल्या कागदावरची इंकजेट प्रिंट, ५०० च्या आवृत्तीतली. एचिंगला जिक्लेच्या चौपट पैसे गेले. खरं तर रंगीत एचिंग हवं होतं. प्रिंटमेकर कृष्णा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या अटेलिए १७ या छापकामाच्या स्टुडिओत विकसित केलेल्या व्हिस्कॉसिटी पद्धतीचं, म्हणजे कमी-जास्त घट्ट शाई वापरून एकाच प्लेटवरून अनेक रंग काढलेलं. पण शाळेच्या पगारात ते बसत नव्हतं, म्हणून एकरंगी घेतलं. त्याचं आता अजिबात वाईट वाटत नाही.

कारण एचिंगची खरी मजा भिंतीवर टांगून नाही, हातात घेऊन तिरप्या उजेडात कळते. जस्ताची प्लेट दाबाखाली ओल्या कागदात रुतते, तिचा खोलगट ठसा चारही बाजूंनी उमटतो. त्या कडेवरून नजर फिरवली की कागद तिथे खाली उतरलेला दिसतो. ॲसिडने खाल्लेल्या रेषांत भरलेली शाई कागदावर किंचित वर येऊन बसते. भिंगाखाली प्रत्येक रेषेला उंची दिसते. ॲक्वाटिंटच्या राखाडी भागात राळेच्या भुकटीचे दाणे, म्हणजे दाण्यांच्या मधली जागा ॲसिडने कोरलेली, अगदी स्पष्ट ओळखू येते. जिक्लेवर तेच भिंग ठेवलं की नुसता रंगाचा बारीक फवारा दिसतो, सगळं एकाच पातळीवर.

पहिले काही महिने मी जिक्लेला नावं ठेवत होते. नाव फ्रेंच असलं तरी आहे ती इंकजेट प्रिंटच. हा शब्द १९९१ मध्ये अमेरिकेतल्या जॅक डुगान या प्रिंटरने रूढ केला. एचिंगच्या आवृत्तीला प्लेटचीच एक मर्यादा असते. दर प्रतीला प्लेटवरची जादा शाई पुसून पुसून आणि दाबून दाबून ॲक्वाटिंटचे दाणे झिजतात, ड्रायपॉइंटची, म्हणजे सुईने थेट ओरखडलेल्या रेषेची कड तर त्याहून लवकर जाते. आवृत्ती पूर्ण झाली की प्लेटवर आडवी रेघ ओढून ती बाद करायची पद्धत आहे. जिक्लेची फाइल झिजत नाही. तिथली मर्यादा म्हणजे विक्रेत्याने दिलेला शब्द. त्याच विक्रेत्याने चार महिन्यांत तेच चित्र मोठ्या आकारात ‘नवी आवृत्ती’ म्हणून काढलं. ईमेलवर विचारलं तर म्हणे, आकार वेगळा म्हणून आवृत्ती वेगळी. असंच करायचं होतं तर ५०० हा आकडा छापला कशाला? आवृत्तीत सगळे आकार धरले आहेत का, आणि आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या जादा प्रती (ए/पी), किती काढलेत, हे विकत घेण्याआधी लेखी मागा. आर्टिस्ट प्रूफ साधारण दहा टक्क्यांपर्यंत असतात. ए/पी लिहिलेल्या प्रती त्या २५ मध्ये मोजत नाहीत.

आकड्याबद्दल एक गैरसमज फार आहे. १/२५ म्हणजे पहिली निघालेली, म्हणून सर्वांत चांगली, असं लोक धरून चालतात. ओल्या प्रती वाळत घातल्या जातात, गोळा होतात, मग सह्या होतात. क्रम सरमिसळ होतोच. मी १४ नंबर निवडला तो वीसेक प्रती शेजारी ठेवून, कारण त्यात खालच्या कोपऱ्यातला काळा सगळ्यांत गडद पुसला गेला होता.

मग पावसाळा संपता संपता एचिंगच्या माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आतल्या कडेने एक तपकिरी रेघ दिसली. आधी मला सावली वाटली. फ्रेम खाली काढून मागचा हार्डबोर्ड उघडला, माउंट उचलला, तर कागदावर चौकटीच्या मापाची बरोब्बर चौकोनी तपकिरी रेघ. वर खाकी टेपचे चार तुकडे, त्यांचा गोंद पिवळा होऊन कागदात झिरपलेला. कागदाला लाटा आलेल्या. उन्हाळ्यात आमच्याकडे हवा कोरडीठाक, पावसाळ्यात दमट. सुती कागद आकसतो, फुगतो. चारी कोपरे चिकटवले तर तो जाणार कुठे?

आणि जिक्ले? तिच्यावर काहीच नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर अख्खा उन्हाळा काढून तिचा रंग तसूभर उतरला नाही. पिगमेंट शाई आणि सुती कागद, दोन्ही त्यांनी सांगितलं तसंच निघालं. शिवाय ती विक्रेत्याकडून फ्रेम होऊनच आली होती. मागून उघडून बघितलं तर सुती माउंट, वरच्या बाजूला फक्त दोन पातळ कागदी बिजागऱ्या, खालून कागद मोकळा. इथे माझं जिक्लेबद्दलचं मत बदललं. आवृत्तीच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास नाही, पण वस्तू जपायची अक्कल त्यांना आहे.

आता माउंटवर येते, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. फ्रेमवाल्याला मी सांगितलं होतं, ॲसिड-फ्री बोर्ड लागेल, पैसे जास्त गेले तरी चालतील. बिलावर त्याने तसं लिहिलंय, वेगळे पैसे लावून. कापलेली तिरकी कड बघितली तर आतला लगदा पिवळट तपकिरी. ॲसिड तपासायच्या पीएच पेनने रेघ ओढली, जांभळी व्हायला हवी ती पिवळी झाली. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन ॲसिड सोडत राहतं, आणि कापलेल्या कडेतून ते थेट समोरच्या कागदात उतरतं. म्हणून डाग नेमका चौकटीच्या रेषेवर पडतो. आजोळच्या देवघरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आठवा. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेल्या त्या छापखान्याच्या चित्रांना काही मर्यादित आवृत्ती नव्हती, घरोघरी होती. तरी ज्या चित्रामागे लाकडी फळी लावली, ते फळीच्या रेघांसकट तपकिरी झालं. माझ्या २५ प्रतींतली एक खराब झाली तर दुसरी आणायची कुठून?

दुकानात गेले तर उत्तर मिळालं, “मॅडम, पावसाळ्यात होतच असतंय असं, काय होत नसतंय त्याला.” बिल दाखवलं. म्हणे पुण्याहून जसा माल आला तसा लावला. पेनची पिवळी रेघ दाखवली, तेव्हा मात्र गप्प झाला. आमच्या पलीकडच्याच जिल्ह्यात, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुऱ्यात, चिंध्यांचा हातकागद पिढ्यान् पिढ्या बनतोय. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासूनची ही कला, असं तिथे सांगतात. चिंध्यांचा कागद टिकतो, लाकडाच्या लगद्याचा पिवळा पडतो, हे मराठवाड्यातल्या फ्रेमवाल्याला मी शिकवायचं?

शेवटी ताईंकडेच गेले. त्यांनी टेप काढले, फार सावकाश, एकेक तुकडा. सुती बोर्डचा नवा माउंट कापला आणि चौकट मुद्दाम मोठी ठेवली. प्लेटचा ठसा पूर्ण दिसतो, खाली पेन्सिलचा नंबर आणि सही दिसते. आधीच्या माउंटखाली सही अर्धी झाकली गेली होती. जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाची खळ. उद्या काढायच्या झाल्या तर पाण्याने सुटतात. तपकिरी रेघ आता माउंटबाहेर, मोकळ्या समासात दिसते. ती कागद धुऊन कमी करता येते, पण ते संवर्धकाचं काम आहे, घरी पाण्याला हात लावू नका असं त्यांनी बजावलं. पेन्सिल मात्र जशीच्या तशी. ग्राफाइट उडत नाही, म्हणून तर सही पेन्सिलने करतात.

फ्रेमवाल्याने माउंटचे पैसे परत केले, चार वेळा फोन केल्यावर. पण जुन्या फ्रेममध्ये लाटा आलेला कागद काचेला टेकला होता, मध्ये अंतर ठेवणारी पट्टी घातलेलीच नव्हती, आणि पावसाळ्यात आतून दव धरून शाईचा एक ठिपका काचेला चिकटला. त्या काचेचे आणि पट्टीचे पैसे तो द्यायला तयार नाही. बिल, पेनची रेघ ओढलेला माउंटचा तुकडा आणि ठिपका चिकटलेली काच जपून ठेवली आहे. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे.